एवढंसं तूप

'शुद्ध शाकाहारी' अशी पाटी दिसली की हल्ली माझ्या पोटात गोळा येतो. उलट रस्त्याच्या कडेला, उकळत्या तेलाच्या कढईशेजारी उभं राहिलं की मी निर्धास्त असतो. आणि मालवणी खानावळीत, जिथे शेजारच्या टेबलावर कोणी सुरमई फोडत बसलेला असतो, तिथे तर मी चक्क पोटभर जेवतो.

वेड लागलेलं नाही. मी व्हीगन आहे. म्हणजे मटण, मासे, अंडी नाहीत. शिवाय दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, चीज, खवा हेही नाही. मधही नाही. हा शब्द १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी काढला. मराठीत अजून नीट प्रतिशब्द नाही, आणि मला त्याची फारशी खंतही नाही. बस, टेबल आणि मिस्डकॉल जसे आपले झाले तसा हाही होईल.

का झालो, ते एका परिच्छेदात सांगून टाकतो, नाहीतर तुमचं लक्ष तिथेच अडकून राहील. गाय किंवा म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही. म्हणजे दर पिशवीमागे कुठेतरी एक वासरू किंवा पारडू जन्मलेलं असतं. मादी असेल तर तिचीही पुढे दुधासाठीच सोय लागते. नर असेल तर? नांगराला ट्रॅक्टर आला, रेतनाला कृत्रिम पद्धत आली, त्यामुळे त्याला कोणी गिऱ्हाईक उरलेलं नाही. आपल्या राज्यात गायीच्या कत्तलीवर आधीपासून बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस आणि रेडा मात्र त्या बंदीत नाहीत. आणि देशातलं दूध निम्म्याच्या आसपास म्हशीचंच असतं. पुढचं गणित तुम्ही करा. मला ते जमलं आणि दूध सुटलं, इतकं साधं आहे. तुम्हाला पटलंच पाहिजे असं मुळीच नाही. या लेखाचा विषय तुमचं ताट नाहीच, माझं ताट आहे. खरं म्हणजे माझ्या ताटात नक्की काय आहे हे मला कळायला हवं, एवढाच विषय आहे.

तर, दर दीड-दोन महिन्यांनी मी पुण्याहून कॉलेजच्या मित्रांकडे येतो. दोघं डोंबिवलीत, एक कल्याणला, एक ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरात चढलेला. शनिवार-रविवार म्हणजे खाणं आलंच. मुंबईकर लोक या भागाला 'लांब' म्हणून नाक मुरडतात, पण खाण्याच्या बाबतीत इथल्या माणसाचा अभिमान अगदी जाज्वल्य असतो. ठाण्याचा माणूस तुम्हाला मामलेदार कचेरीजवळच्या मिसळीला नेल्याशिवाय सोडत नाही. कल्याणचा मित्र खिडकी वड्याची गोष्ट दर वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखी सांगतो (घराच्या खिडकीतून विकायचे म्हणून खिडकी वडा, हो रे बाबा, माहितेय!). आणि डोंबिवलीकर फडके रोडला एक चक्कर मारल्याशिवाय संध्याकाळ झाली असं मानतच नाही.

अशा दहा-बारा वीकेंडांनंतर माझा एक नियम तयार झालाय. तो असा : बिल जसजसं वाढतं तसतसं दूध वाढतं.

बघा. वडापाव. बटाटा, बेसन, लसूण, मिरची, तेल. लसणाची सुकी चटणी. पाव म्हणजे मैदा, पाणी, यीस्ट, मीठ (बेकरीवाला वरून दुधाचा हात फिरवतो का, ते एकदा विचारून ठेवायचं). मिसळ म्हणजे मोड आलेली मटकी नाहीतर वाटाणा, फरसाण, कांदा, तर्री. कांदाभजी, मूगभजी. इडली, मेदूवडा. चणे-शेंगदाण्याची पुडी. भेळ, पाणीपुरी. उसाचा रस, शहाळं. हे सगळं तुम्ही उभ्याउभ्या खाता, हात रुमालाला पुसता आणि लोकल पकडता. यातल्या एकाही पदार्थाला दुधाची गरज नाही.

आता एक पायरी वर चढा. वडापाव वीस रुपयांच्या आसपास आहे तोवर त्यात दूध नाही. त्याचं नाव 'बटर चीज वडापाव' झालं की किंमतही वाढली आणि दूधही आलं. डोसा साधा असतो तोवर तेलावर होतो, 'स्पेशल' झाला की त्यावर लोण्याचा गोळा बसतो. पावभाजीचा तर पाव आधी बुडतो आणि भाजी मागून. अजून एक पायरी वर, एसी फॅमिली रेस्टॉरंट, बाहेर पाटी 'शुद्ध शाकाहारी' : तिथे मेन्यूची आठ पानं पनीर, मलाई, काजू-क्रीम, माखनी आणि चीज यांच्या नावांची वेगवेगळी जुळणी करून भरलेली असतात. आम्ही इंजिनिअरिंगला असताना एकच असाइनमेंट साठ जणांनी फॉन्ट बदलून सबमिट केली होती, त्याची आठवण येते.

अशाच एका ठिकाणचा (नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट कुठल्या एका ठिकाणची नाही) संवाद जसाच्या तसा देतो.

"दालमध्ये तूप आहे का?"

"सर, प्युअर व्हेज आहे."

"ते कळलं. तूप, बटर, क्रीम यातलं काही?"

"सर, जैन पाहिजे का?"

"जैन नको. कांदा-लसूण चालेल. फक्त दुधाचं काही नको. तेलाची फोडणी द्या."

"ओके सर."

दाल आली. वर लोण्याचा चौकोनी तुकडा, निवांत तरंगत होता.

"अहो, हे काय?"

"ते वरून टाकलंय सर. आत नाही टाकलं."

आता यावर हसायचं की रडायचं? टेबलावरचे सगळे हसले, मीही हसलो. मग एक मित्र म्हणाला, "एवढंसंच आहे रे, बाजूला काढ ना." हे 'एवढंसं' मला गेली काही वर्षं छळतंय.

त्याच टेबलावर माझे दोन मित्र पक्के शाकाहारी होते. समजा, त्यांच्या दालमध्ये कोंबडीचा एक तुकडा तरंगत आला असता. एवढासाच. वेटर म्हणाला असता, "वरून टाकलाय सर, आत नाही." काय झालं असतं? मॅनेजर बाहेर आला असता. बिल माफ झालं असतं. फोटो काढले गेले असते आणि सोमवारपर्यंत ते आख्ख्या ठाणे जिल्ह्यात फिरले असते. त्यांना कोणीही 'बाजूला काढ ना' म्हटलं नसतं, आणि मीही म्हटलं नसतं. कारण त्यांचा नियम हा नियम असतो. माझा नियम मात्र 'नखरा' असतो.

हा फरक का, हाच माझा खरा प्रश्न आहे.

पहिलं उत्तर मिळतं ते म्हणजे "हे परदेशी फॅड आहे, आपल्यात नाही हे". ठीक. आपल्यात काय आहे ते बघू.

आपल्यात झुणका-भाकर आहे. १९९५ साली युती सरकारने गरिबाला एक रुपयात जेवण द्यायचं ठरवलं तेव्हा हेच दिलं. २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला पुढच्या सरकारांपैकी एकाने दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली. त्या थाळीत काय ठरलं? दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, एक मूद भात. दूध, दही, तूप, पनीर काही नाही. दोन वेगळी सरकारं, पंचवीस वर्षांचं अंतर, आणि राज्यातल्या सगळ्यात स्वस्त पोटभर जेवणाची व्याख्या दोघांनीही दुधाशिवाय केली. वडापाव १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर जन्मला असं सांगतात. त्या गाडीवर कुणी चीज किसत नव्हतं. पिठलं, ठेचा, भाकरी, कांदा, शेंगदाण्याची चटणी, आमटी, उसळ, भरली वांगी, वालाचं बिरडं... फोडणी तेलाची असेल तर हे सगळं मी खाऊ शकतो. आणि बहुतेक घरांत ती तेलाचीच असते.

मग परदेशी काय आहे? ज्यावर तुम्ही चीज किसून घेता ते परदेशी आहे. पनीर आपल्याकडे उत्तरेतून आलं. माझ्या आजीने आयुष्यात पनीर केलं नाही, तिला ते माहीतही नव्हतं. आज डोंबिवलीतलं एक लग्न मला पनीरशिवायचं दाखवा! लोकांना वाटतं की दुधा-तुपाने ओथंबलेलं जेवण ही आपली हजार वर्षांची परंपरा आहे. अहो, दुधाचा महापूर ऑपरेशन फ्लडचा, ते सुरू झालं १९७० साली. भारत जगात दूध उत्पादनात पहिला आला तो १९९८ मध्ये. त्याआधी मुंबईत लोक आरेच्या दुधासाठी कार्ड घेऊन केंद्रावर रांगा लावत होते. तूप म्हणजे वरण-भातावर एक चमचा, आणि पंगतीत तूप वाढणाऱ्याचा हात किती सैल आहे त्यावरून यजमानाची ऐपत कळायची. ते तूप ऐपत दाखवायला होतं. आजचं बटरही ऐपतच दाखवतं. हॉटेलवाला पदार्थावर लोण्याचा गोळा ठेवतो तेव्हा तो चव वाढवत नसतो, तीनशे रुपयांचं समर्थन करत असतो.

दुसरं उत्तर : "इतके नियम पाळायचे तर बाहेर खाऊच नये." हे तर फारच गमतीचं आहे, कारण नियमांच्या बाबतीत आपल्या हॉटेलांइतकी तरबेज हॉटेलं जगात नसतील. जैन म्हटलं की कांदा, लसूण, बटाटा, गाजर, सगळी कंदमुळं बाद. भटारखान्यातल्या पोऱ्यालाही पाठ असतं. पावभाजी जैन मिळते, बटाट्याशिवाय, कच्च्या केळ्याची! उपवास म्हटलं की तर सॉफ्टवेअर इंजिनिअरलाही घाम फुटेल असं लॉजिक : साबुदाणा चालतो, तांदूळ नाही, वरीचे तांदूळ चालतात. बटाटा चालतो, कांदा नाही. मिरची चालते, हळद नाही. कोथिंबीर तुमच्या घरी चालते, आमच्या घरी नाही. आषाढी एकादशीला इथली हॉटेलं हे सगळं सांभाळून उपवासाची मिसळ देतात. मामलेदार कचेरीजवळच्या त्या प्रसिद्ध मिसळीत तुम्हाला तिखट, मध्यम की कमी तिखट हे विचारून घेतात, कारण गिऱ्हाईकाच्या जिभेचं आणि पोटाचं त्यांना भान आहे. हे सगळं ज्यांना जमतं त्यांना 'दुधाचं काही नको' हे तीन शब्द जमत नाहीत?

आमच्या क्षेत्रातल्या भाषेत सांगायचं तर यात तांत्रिक अडचण कुठलीच नाही. नवा फीचर मागत नाहीये मी. एक लाइन कमी करायची आहे.

तिसरं उत्तर : "आपल्या संस्कृतीत जनावरांना इतकं डोक्यावर घेत नाहीत." बरं. भाद्रपद शुद्ध पंचमी, गणपतीचा दुसरा दिवस. ऋषिपंचमी. या दिवशी कितीतरी बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरलेल्या जमिनीतलं नाही, परसात हाताने लावलेलं तेवढंच. त्यातून ती ऋषीची भाजी झाली, अळू, भोपळा, मका, सुरण घातलेली, जिच्यासाठी आपण सगळे वाट बघतो. म्हणजे, माझ्या घासासाठी कोणत्या जनावराने मान मोडली हा प्रश्न आपल्या आज्यांनी, पणज्यांनी विचारलेला आहे, वर्षातून एक दिवस का होईना पाळलेला आहे. (त्या दिवशी दूध-तूप वर्ज्य असतं असा माझा दावा नाही, घरोघरी रीत वेगळी आहे. प्रश्न आपल्या स्वयंपाकघरातला आहे, एवढंच म्हणतोय.) तो लंडनहून आलेला नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

माळ घातलेला माणूस लग्नात जेवायला बसला आणि म्हणाला, "माळकरी आहे", तर त्याच्याशी कोणी वाद घालतं का? "अहो, झाडांना पण जीव असतो" असं त्याला कोणी ऐकवतं का? "मग प्रोटीन कुठून मिळतं?" विचारतं का? नाही. ताट लगेच बदललं जातं, आणि ते योग्यच आहे. जैन मित्राला कोणी "एक बटाटा खा रे, काय होतंय" म्हणत नाही. निदान शहाणा माणूस म्हणत नाही. मी मात्र "दूध घेत नाही" म्हटल्याबरोबर टेबलावरचे पाचही जण आहारतज्ज्ञ होतात. एकाचे आजोबा रोज शेरभर दूध पिऊन नव्वद वर्षं जगलेले असतात. दुसऱ्याला अचानक पालकाच्या भावना कळायला लागतात. तिसरा माझ्या चपलांकडे बघत असतो, चामड्याच्या आहेत का म्हणून! :)

फरक एवढाच आहे की त्यांचा नियम घराण्यातून, जातीतून, धर्मातून आला आहे. माझा नियम मी विचार करून घेतला आहे. आणि आपल्याकडे जन्माने मिळालेल्या नियमाला मान असतो, डोक्याने घेतलेल्या नियमाला नसतो. 'आमच्यात चालत नाही' हे वाक्य पूर्णविराम आहे. 'मला पटत नाही' हे वाक्य मात्र वादाचं आमंत्रण आहे.

हे फक्त खाण्यापुरतं राहत नाही, म्हणून मला ते झोंबतं. माझ्या वयाच्या कितीतरी जणांनी हे दुसऱ्या कुठल्यातरी बाबतीत भोगलंय. मुंज नको म्हणणारा, सत्यनारायण नको म्हणणारी, दारू न पिणारा ('कंपनीसाठी घे ना, एवढीशी'), मंगळसूत्र न घालणारी. प्रत्येकाला ते 'एवढंसं' ऐकवलं जातं. एवढंसं करायला काय जातं? आमच्या समाधानासाठी! ते तूप खरंच एवढंसं असतं. त्यात दाबून बसवलेला अर्थ मोठा असतो : तू ठरवलेलं फार गंभीर नाही.

आणि म्हणूनच मला 'शुद्ध' या शब्दाचीही अडचण आहे. त्या पाटीवर 'शाकाहारी' पुरेसं होतं, 'शुद्ध' कशाला? शुद्ध म्हणजे कोणाच्या मानाने शुद्ध? ठाण्यात घर भाड्याने शोधताना "तुम्ही नॉनव्हेज खाता का?" हा प्रश्न ज्यांना विचारला गेलाय त्यांना याचं उत्तर माहीत आहे. तिथे आहाराबद्दल विचारलेलं नसतं, आडनावाबद्दल विचारलेलं असतं. मला त्या शुद्धतेचा भागीदार व्हायचं नाही. माझ्या शेजारी बसून कोणी मासे खाल्ले तर मी विटाळत नाही. माझा आक्षेप जनावराच्या हालाला आहे, खाणाऱ्या माणसाच्या जातीला नाही. गोव्यापासून डहाणूपर्यंत मासे खाणाऱ्या माणसाला नाक मुरडणाऱ्या आणि स्वतः किलोभर पनीर रिचवणाऱ्या माणसाशी माझं नातं जोडू नका, प्लीज.

म्हणूनच ती मालवणी खानावळ. तिथे काय मिळतं ऐका. तांदळाची भाकरी. काळ्या वाटाण्याची आमटी, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपाची. एखादी उसळ. भात. आणि कोकम नि नारळाच्या दुधाची सोलकढी. खोबऱ्याच्या जोरावर उभा असलेला स्वयंपाक आहे तो, त्याला गाईम्हशीची गरजच पडत नाही. तवा आणि कढई वेगळी आहे का, तेवढं विचारून घ्यायचं. आणि विचारलं तर मालक सरळ सांगतो, "भाजी त्याच तेलात तळत नाही, पण तवा एकच आहे. चालत असेल तर सांगा." बस्स, हेच तर हवंय मला! 'चालत असेल तर सांगा.' एवढा प्रामाणिक शब्द मला आठ पानी मेन्यूच्या हॉटेलात क्वचितच ऐकायला मिळालाय.

आता सरकारी कागद काय म्हणतो तेही बघा. आपल्या पाकिटांवर शाकाहाराचं ते हिरवं चिन्ह असतं. नियमात मांसाहारी म्हणजे प्राण्यापासून आलेलं काहीही, पण त्यातून दूध, दुधाचे पदार्थ, मध, मेणमाश्यांचं मेण आणि लाख वगळलेली आहे. लाख म्हणजे किड्याचा स्राव, चकचकीत गोळ्या-चॉकलेटांवर तिचा मुलामा असतो. सगळं हिरव्या ठिपक्यात बसतं. म्हणजे 'हिरवा ठिपका आहे ना, मग झालं' हे मला सांगून उपयोग नाही. २०२२ साली केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने व्हीगन पदार्थांचे स्वतंत्र नियम काढले, वेगळं चिन्हही दिलं. छान झालं. पण ते बांधीव पाकिटांसाठी. कढईतून ताटात येणाऱ्या दालला कुठलं पाकीट? याच प्राधिकरणाने २०२१ मध्ये सोया किंवा बदामाच्या पेयाला 'दूध' म्हणू नका असा आदेश काढला होता, गिऱ्हाईकाची फसगत होते म्हणून. (नारळाचं दूध सुटलं, नाहीतर सोलकढीचं बारसं पुन्हा करावं लागलं असतं.) म्हणजे दूध नसलेल्याला दूध म्हटलं तर फसगत, आणि दूध असलेलं न सांगता खाऊ घातलं तर चव!

एक नियम मात्र खरोखर कामाचा आहे. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांनुसार ज्या हॉटेलसाखळ्यांच्या दहा किंवा जास्त शाखा आहेत त्यांनी ॲलर्जी होऊ शकेल अशा घटकांची माहिती गिऱ्हाईकाला द्यायची आहे, आणि त्या घटकांच्या यादीत दूध आहे. लक्षात घ्या, हे माझ्यासारख्या मूठभरांसाठी नाही. ज्या पोराला दुधाची ॲलर्जी आहे त्याच्या आईसाठी आहे. आणि दुधातली साखर मोठेपणी नीट न पचणारी माणसं तर आपल्याकडे प्रचंड आहेत, त्यातल्या कित्येकांना 'हॉटेलचं खाल्लं की पोट बिघडतं' एवढंच माहीत असतं. मोठ्या साखळीला जे बंधनकारक आहे ते गोखले रोडवरच्या किंवा मानपाडा रोडवरच्या एकुलत्या एक हॉटेलाने आपणहून केलं तर खर्च किती? मेन्यूत पदार्थापुढे एक 'दू' लिहायचा. शाईचा खर्च.

आता स्वपक्षीयांनाही दोन शब्द, नाहीतर तुम्ही म्हणाल हा एकतर्फी आहे. मुंबई-पुण्यातल्या व्हीगन मंडळींनी या गोष्टीची वाट लावण्यात आपला वाटा चोख उचललाय. व्हीगन म्हटलं की तीनशे-साडेतीनशे रुपयांची बदाम-दुधाची कॉफी, ॲव्होकाडो, परदेशी बिया आणि मंद उजेडाचा कॅफे. ज्या शहरात शेंगदाणा, तीळ, खोबरं आणि कडधान्यं ढिगाने मिळतात तिथे तुम्ही विमानाने आलेलं फळ टोस्टवर फासून 'जनावरांवर प्रेम करा' म्हणणार, आणि मग वडापाववाल्याला ते श्रीमंतांचं चोचलं वाटलं तर त्याचं काय चुकलं? तो स्वतः दिवसभर व्हीगन पदार्थ विकतोय हे त्याला कोणी सांगितलंय का? त्याच्या गाडीपुढे उभं राहून खा, दुसऱ्याला खायला न्या. ती खरी चळवळ.

राहता राहिले मित्र आणि मित्रांच्या घरची मंडळी. इथे मला तक्रार कमी आणि कौतुक जास्त आहे. डोंबिवलीच्या मित्राच्या आईला मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तेल चालतं ना रे?" चालतं काकू. "मग झालं की. वालाचं बिरडं करते, भात, आणि कोशिंबीर दह्याऐवजी लिंबाची." दोन मिनिटांत विषय संपला. ना प्रोटीन, ना आजोबा. आयुष्यभर सासूचा सोमवार, नवऱ्याची चतुर्थी आणि पाहुण्यांचं पथ्य एकाच ओट्यावर सांभाळलेल्या बाईला आणखी एक नियम म्हणजे काय मोठं? नियम कुठून आला हे त्यांनी विचारलं नाही. माणूस जेवून उठला पाहिजे, एवढंच त्यांना कळत होतं.

मला हॉटेलांकडून काकूंची माया नकोय, त्यांचा तो एक प्रश्न हवाय. ऑर्डर घेताना "जैन की रेग्युलर?" विचारता, तसंच "तूप-बटर चालेल?" विचारा. तूप वेगळ्या वाटीत द्या, ज्याला हवं तो ओतून घेईल. त्यालाही मनाजोगतं मिळेल आणि मलाही जेवता येईल.

आणि तुम्ही, जे असल्या एखाद्या मित्राला पुढच्या शनिवारी घेऊन बाहेर पडणार आहात, तुमच्याकडून एकच. "मग तू खातोस तरी काय?" हे त्याला विचारू नका, त्याचं उत्तर त्याने शंभर वेळा दिलंय. त्याने तोंड उघडायच्या आधी वेटरला तुम्ही विचारा, "यात तूप आहे का?" दर वेळी टेबलावर एकट्याने हा प्रश्न विचारून माणूस कंटाळतो हो. दुसऱ्या कोणी विचारला की जेवण निम्मं तिथेच गोड होतं.

ता. क. : चहाचं विचारू नका. टपरीवर "कोरा चहा द्या, लिंबू पिळून" म्हटलं की टपरीवाला आधी माझ्या तब्येतीची चौकशी करतो. बिचारा! पण देतो मात्र बरोबर.